पांढरी पट्टी

कोळंबीच्या जाळ्यात मेलेला डॉल्फिन आला, तेव्हा मी बोटीचं इंजिन बंद केलं आणि टोपी काढली. आम्ही व्हिएतनामी कोळी त्याला आजोबा म्हणतो. ज्याला तो मेलेला सापडेल, त्यानं थोरल्या मुलासारखं डोक्याला पांढरी पट्टी बांधून त्याचं सुतक पाळायचं. गाव सोडून अमेरिकेत, लुइझियानात आलो, पण ही रीत सुटली नाही.

माझे बाबा मागच्या वादळात गेले. बोट सापडली, ते सापडले नाहीत. त्यांच्या सुतकाच्या पट्टीचं नाव काढलं की आई अंगावर यायची. "मला विधवा करायची एवढी घाई का रे तुम्हाला?" रोज जेवताना ती त्यांचा भाताचा वाडगा भरून ठेवायची.

आजोबांना खाडीकाठी पुरलं, उदबत्त्या लावल्या. आई घरातून पांढरी पट्टी घेऊन आली. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो.

"कुठं सापडले?" तिनं विचारलं.

"बाबांची बोट मिळाली होती ना, तिथंच."

ती पाण्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एकटेच होते?"

"हो, आई."

रीतीप्रमाणे पट्टी एकट्या मलाच बांधायची होती. आईनं ती उभी फाडली. अर्धी माझ्या डोक्याला बांधली. उरलेली अर्धी माझ्या हातात दिली, आणि माझ्यासमोर खाली बसून मान वाकवली.