प्लगला हात लावायचा नाही

दोन्ही हात मांडीखाली दाबून आई बसली होती. तसं वचनच दिलं होतं तिने. सभागृहात खुर्च्या नव्हत्या, पोरंपोरी उभ्याउभ्याच उड्या मारत होती, म्हणून तिला स्टेजच्या कडेला, पडद्याआड, ड्रमच्या रिकाम्या पेटीवर बसवलं होतं. आणि नेमका तिच्या पायाशीच एक्स्टेन्शन बोर्ड होता. गिटारचा आणि बासचा, दोन्ही स्पीकर त्याच्यावर. बोर्डाचा प्लग तिच्या खांद्याजवळ भिंतीत.

"काकू, आमचा जीव तुमच्या पायाशी आहे बरं का," ढोल्या म्हणाला होता. "आजच्या दिवस दया करा."

ढोल्या ड्रम वाजवायचा, बारक्या बास. तिचा मुलगा गिटार वाजवून गायचा. निदान तो तरी त्याला गाणंच म्हणायचा. या संगीताचं नाव ग्रंज. तिला ते पहिल्यांदा 'गंज' असं ऐकू आलं आणि "झाली का रे तुझ्या त्या गंजाची प्रॅक्टिस?" असं ती विचारू लागली. पोरांना ते इतकं आवडलं की त्यांनी बँडचं नावच 'गंज' ठेवलं. तिचं कौतुक मात्र तिथेच संपलं. प्रॅक्टिस घरी चालायची. आवाज डोक्यात जायला लागला की ती स्वयंपाकघरातून यायची आणि एक अक्षर न बोलता प्लग उपटायची.

शेवटच्या वेळी तो गिटार उचलून जो गेला, तो महिनाभर ढोल्याकडेच राहिला. फोनसुद्धा उचलेना. घर इतकं गप्प झालं की तिला जेवण जाईना. शेवटी तीच ढोल्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"यापुढे प्लगला हात लावायचा नाही," तो म्हणाला होता. "परत लावलास तर मी कायमचा गेलो समज."

म्हणून हात मांडीखाली.

पण भीती मांडीखाली दाबता येत नाही. ती दुपारीच सुरू झाली होती. कार्यक्रमाआधी गिटारचा स्पीकर सारखा घरघरत होता. बारक्याने पक्कड घेतली, त्याच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची जाड पिन उपटून टाकली आणि घरघर बंद. सगळे खूश. मग मुलाने गिटार गळ्यात अडकवून माइकला ओठ लावले आणि दचकून मागे झाला.

"माइक चावतोय रे."

"ग्रंज आहे, चावणारच," बारक्या म्हणाला. तिघंही खिदळले.

"अरे, कुणा जाणत्याला दाखवा ना," ती म्हणाली.

"आई, तू सुरू होऊ नकोस. आणि हे बघ, शेवटच्या गाण्यात मी खाली पडतो. तडफडतो. ते गाण्यातलंच आहे. घाबरायचं नाही."

ती बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

शेवटचं गाणं सुरू झालं. गाणं कसलं, नुसती बोंबाबोंब. शब्द तर तिला कधीच कळले नव्हते. तो घामाने निथळत होता. डावा हात तारांवर होता. उजव्या हाताने त्याने माइक गच्च धरला आणि ओरडला.

"आई गं!"

समोरची गर्दी खूश झाली. सगळं सभागृह त्याच्यामागून ओरडलं, "आई गं!"

तो खाली पडला. माइक हातातच. पाय झाडू लागला. गिटार किंचाळत राहिली. बारक्याने ठरल्याप्रमाणे एकच सूर धरून ठेवला. ढोल्या डोळे मिटून ड्रम बडवत होता. लोकांनी मोबाइल वर धरले.

गाण्यातलंच आहे, ती स्वतःला सांगत होती. गाण्यातलंच आहे. हात लावला आणि हे खरंच गाणं असलं तर? इतक्या लोकांसमोर? मग तो गेलाच. महिनाभरासाठी नव्हे, जन्माचा गेला. गर्दी पुन्हा ओरडली, "आई गं!" एवढ्या जणांनी हाक मारली, पण त्याचं तोंड आता उघडत नव्हतं. आणि तिच्या लक्षात आलं, आज पहिल्यांदाच तिला त्याच्या गाण्यातला शब्द कळला होता.

तिने हात बाहेर काढला आणि भिंतीतला प्लग ओढला.

गिटार मेली. बास मेला. ड्रम तेवढा चार ठोके एकटाच वाजला. मग गर्दीतून शिट्या आणि शिव्या आल्या.

"काकू!" ढोल्या काठ्या आपटत उठला. "आजसुद्धा?"

ती पडद्याआडून धावत मुलाजवळ आली. मुलगा पाय झाडायचा थांबला होता. त्याचा तळहात सुटला आणि माइक घरंगळत गेला. डाव्या हाताच्या बोटांवर तारांचे काळे चरे उठले होते. ते बघून ढोल्या त्याच्याकडे धावला. बारक्या रडत रडत अँब्युलन्सला फोन लावू लागला. ती गुडघ्यावर बसली आणि तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत होती. वेडीवाकडी, पण हलत होती.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली तिच्या मुठीकडे गेली. वायर ओढत आणलेला प्लग अजून तिच्या मुठीतच होता. तिने तो झटकन पाठीमागे लपवला.

"मी... म्हणजे मला वाटलं..."

"आई," तो कसाबसा म्हणाला. ओठ निळे पडले होते. "एरवी पहिल्याच कडव्याला काढतेस. आज एवढा उशीर का केलास?"