आवळलेले दात

महिनाभर जबडा ठणकत होता. घास चावला की कानाजवळ कट्ट वाजायचं आणि डोकं सकाळपासूनच भणभणायचं. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय सव्वीस आणि दात साठीचे! दिवसभर दात आवळून बसता तुम्ही. फोनवर तासातासाला आठवण लावा आणि जबडा सैल सोडा. रविवारी या, रात्री दातांवर घालायचा गार्ड तयार ठेवते."

धाकट्या बहिणीने ती आठवण हौसेने स्वतःच्या आवाजात भरून दिली.

आज मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "या रविवारीही ऑफिस आहे. कुणाला काही अडचण?" सगळे दात आवळून बसले. मीसुद्धा. तेवढ्यात माझ्या पर्समधून बहीण खच्चून ओरडली, "ताई, दात सोड!"

कुणीही हसलं नाही. टेबलाभोवतीचे सगळे जबडे मात्र एकदम सैल झाले.

मीटिंग संपल्यावर साहेबांनी मला एकटीला थांबवलं. आता नोकरी गेलीच, असं धरून मी उभी राहिले. त्यांनी दार लोटलं, कानाजवळ जबडा चोळला आणि हळूच विचारलं, "त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई ना?"

मी मान हलवली. मग धीर करून म्हटलं, "सर, त्यांनी मला रविवारीच बोलावलंय."



"मलाही," साहेब दातांवर दात ठेवून म्हणाले, "पण वरच्या साहेबांना मी 'काही अडचण नाही' असंच सांगून आलोय."