भिंतीपलीकडची झोप

वडील जेवायला आले ते बॅग घेऊनच. बॅग शेजारच्या खुर्चीवर ठेवली, स्वतः दुसरीवर बसले आणि ताट पुढे ओढलं.

मुलगी वाढता वाढता थांबली. दिवसभर गॅरेजात हातोड्याने गाड्यांचे पोचे काढणारी बाई ती. तिथे तिची हाक ऐकून रस्त्यापलीकडचे लोक आपापल्या गाड्या बाजूला घ्यायचे. घरात जेवायची वेळ झाली की मात्र तिचा आवाज जिना उतरून खाली जाऊन बसायचा. तिच्या टेबलावर काकडी यायची ती किसून, दाणे यायचे ते भिजवून, आणि टोस्ट चहात पुरता बुडून मेल्याशिवाय कुणी तोंडात घालत नसे. नवरा लग्नाआधी जेवताना गाणी म्हणायचा. आता मीठ हवं असलं की उजवी भुवई उचलायचा, पाणी हवं असलं की डावी. शेजारचं मांजरसुद्धा इथे दूध प्यायचं आणि म्याव करायला आपल्या घरी जायचं म्हणे.

"बॅग कशाला?" तिने कुजबुजत विचारलं.

"दुपारच्या गाडीने जातो धाकट्याकडे."

"काय कमी पडलं, बाबा?"

"पडायचंय काय? पोट भरतंय. पण इथे राहायला आल्यापासून बघतोय, मी ताटावर बसलो की तुमची तोंडं शिवलेली. म्हातारा जड झाला असेल तर सांगून टाकावं माणसाने."

"तसं नाही हो बाबा," जावई घाईघाईने म्हणाला. "आमच्याकडे वळणच आहे तसं. जेवताना चकार शब्द नाही."

"कुणी लावलं हे वळण?"

जावयाने दोन्ही भुवया बायकोकडे वळवल्या.

"तुम्हीच," ती म्हणाली. "रात्रपाळी करून यायचात, भिंतीपलीकडे झोपायचात. आई म्हणायची, भांडं वाजलं तर याद राखा, बाबांची झोप मोडेल. आम्ही भावंडं घास चावायचोसुद्धा नाही, गिळायचो."

वडिलांचा हात ताटातच राहिला.

"झोप?" ते म्हणाले. "दिवसाउजेडी मला कधी झोप लागली नाही, पोरी. भिंतीला कान लावून पडायचो. वाटायचं, कुणी हसेल, भांडेल, घरात काय चाललंय ते तरी कळेल. तुम्ही आपले मुके मासे. म्हटलं, माझ्यामुळे पोरं धास्तावतात. म्हणून तर दिवसपाळी देत होते ती घेतली नाही. रात्री मी नसताना तरी मोकळी बोलतील." मग त्यांनी विचारलं, "बोलायचात ना?"

 रात्रीही सगळे तसेच जेवायचे. वळण काय घड्याळ बघून सुटतं?

काहीतरी बोलायला हवं होतं, आत्ताच, गाडीची वेळ व्हायच्या आत. पण जेवताना माणसं बोलतात तरी काय? तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिने वडिलांच्या ताटातल्या भोपळ्याच्या भाजीकडे पाहिलं, आणि तोंडातून निघाला तो थेट गॅरेजातला आवाज.

"बाबा, भोपळा आवडतो का तुम्हाला?"

नवऱ्याच्या हातातला चमचा खणकन खाली पडला. कुणी तो उचलला नाही.

"नाही," वडील म्हणाले. "जन्मात नाही आवडला. उद्या काय करतेस?"