न कापलेली प्रत

माझ्या सासूबाई, गुड्रून, तरुणपणी सिनेमात नट्यांच्या जागी मार खायच्या, पडायच्या. एका मारधाडपटात आपण पेटत्या कपड्यांनिशी दुसऱ्या मजल्यावरून उडी मारली होती, असं त्या चाळीस वर्षं सांगत आल्या. पण आमच्याकडच्या कॅसेटमध्ये ती उडीच नव्हती. जर्मनीत अशा दृश्यांना कात्री लागायची. नटी वर खिडकीत उभी दिसायची आणि पुढच्याच क्षणी खाली मरून पडलेली.

"आई, पडला असाल तुम्ही, पण पलंगावरून," असं मी दर नाताळला म्हणायचो आणि सगळं टेबल हसायचं.

यंदा त्यांच्या पंचाहत्तरीला माझी बायको हाइके सीमेपलीकडे ऑस्ट्रियात जाऊन त्याच सिनेमाची अजिबात न कापलेली डिस्क घेऊन आली. दुपारच्या कॉफीला आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. पडद्यावर काच फुटली. आगीचा लोळ झालेली एक बाई खिडकीबाहेर झेपावली आणि थेट मोटारीच्या टपावर आदळली. डोक्यावरचा केसांचा टोप उडाला, तसा चेहरा दिसला. गुड्रूनच!

माझ्या हातातला केक तसाच राहिला. "चुकलो, आई," मी कसंबसं म्हणालो. "पुन्हा लावू?"

"लाव की, जावईबापू! तुला नुसतं बटण दाबायचंय," त्या म्हणाल्या. "दिग्दर्शक 'पुन्हा' म्हणाला, तेव्हा मी दोन मजले परत चढून गेले होते. आत्ता पाहिलीस ना, ती दुसरी उडी."