जपलेलं हृदय

नातीचं बारसं झालं त्या वर्षी बडोद्यात दत्तात्रेयांच्या यकृताचा एमआरआय काढला. डावी बाजू पुन्हा पुन्हा पुसट येत होती.

"काका, हलू नका," टेक्निशियन माइकवर म्हणाला.

"अरे भाई, मी कुठं हलतोय?"

"तुम्ही नाही, तुमचं हृदय. यकृत त्याला खेटूनच असतं ना! आता दोन ठोक्यांच्या मधे फोटो घेतो."

काचेआड बसलेल्या त्यांच्या पत्नी अहल्याबाईंचा जीव टांगणीला लागला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर वीस वर्षं तेल-तूप तोडून त्यांनीच ते हृदय जपलं होतं.

"घटकाभर गप्प राहा रे बाबा," त्या हात जोडून पुटपुटल्या.

फोटो स्वच्छ आला. त्यात गाठ दिसली. आता इलाज नव्हता.

दत्तात्रेय त्याच वर्षी दिवाळीत पाडव्याला गेले. सगळं थकल्यावरही हृदय तेवढं शेवटपर्यंत चालत राहिलं.