नर्सरीतलं जुनिपर

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर चार महिने दिगंबरराव एक शब्दही बोलले नव्हते. वाचा परत येऊ शकते, पण त्यांनी प्रयत्न करायला हवा, असं डॉक्टर सांगत. ते मात्र गॅलरीतल्या, स्वतः वाढवलेल्या बोन्सायकडेही पाठ फिरवून बसत.

म्हणून वत्सलाबाईंनी नर्सरीतून बोन्साय करायला जुनिपरचं एक स्वस्तातलं रोप आणलं आणि नवऱ्यासमोर ठेवलं.

"अहो, कुठली फांदी ठेवू?"

दिगंबररावांनी मान दुसरीकडे वळवली. वत्सलाबाईंनी कधी कात्री धरली नव्हती, तरी धीर करून एक फांदी छाटली, मग दुसरी. चुकीची तर नाही ना छाटली? आकार द्यायला खोडाला तार गुंडाळून त्या ते वाकवू लागल्या, तोच खोड करकरलं. आता सोडावं की धरून ठेवावं, त्यांना कळेना.

"हळू!"

आवाज घोगरा होता. वत्सलाबाईंनी दचकून वर पाहिलं. दिगंबरराव चक्क रागावले होते.

"हळू... मोडेल."

वत्सलाबाईंचे डोळे भरून आले, पण ते पुसायला त्यांनी खोडावरचा हात काढला नाही.

"मग कुठं वळवू, सांगा ना!"

दिगंबररावांचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले. वत्सलाबाई खोड तसंच धरून थांबल्या.

"डा... डावीकडे."