वत्सलेचा होकार

हसनचाचांनी वत्सलेच्या पोटाला बधिर करायचं औषध चोळलं, मगच चिकटलेली कालवं खरवडायला घेतली. बोटींना दुखू-खुपू लागल्यापासून गोदीतली ही रीतच झाली होती.

पण नवं इंजिन बसवायला बोटीचा होकार लागतो, आणि वत्सला गोदीत आल्यापासून गप्पच होती. नाही म्हणाली, तर तिला कायमचं झोपवणार.

"इंदू, तूच विचार तिला. तुझी बोट," चाचा म्हणाले.

इंदू तांडेलने पत्र्यावर तळवा टेकला. वादळात कणा पिचूनही हिने सगळ्या खलाशांना घरी आणलं होतं. आता हिला आणखी राब म्हणायला जीभ रेटेना.

"बाय, दमली असशील तर राहू दे," ती म्हणाली. "तू आणलंस म्हणून माझी माणसं आज ताटावर बसतायत. पुष्कळ केलंस."

भोंगा खरखरला.

"मला वाटलं, तुलाच मी नकोशी झाले," वत्सला कुरकुरली. "आणि मी आणलं म्हणे! रात्रभर पाणी उपसत कोण बसलं होतं? मला सोडून तुम्ही सगळे छोट्या होडीत उड्या टाकून गेला असतात, तर मी आज तळाला असते. बसव ते इंजिन. आणि जरा लवकर गं, या ठोकळ्यांवर पडून पाठ धरलीय माझी."